वजन मुलीचे, ताट साऱ्या घराचे

दहावी-अकरावीतले पोर एके दिवशी आरशापुढे उभे राहते आणि त्या रात्रीपासून ताटावर येईनासे होते. 'भूक नाही', 'आता मी एकदाच जेवणार', अशी उत्तरे सुरू होतात. आई रागावते, आजी 'वाढत्या वयात उपास कसले गं!' म्हणते, आणि तिसऱ्या दिवशी तेच पोर शिकवणीहून येता येता दोन आलुबोंडे खाऊन येते. हे चित्र आता केवळ नागपूरच्या धरमपेठेतले राहिलेले नाही. तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या कुहीतही ते दिसू लागले आहे.

कुही हा धानाचा आणि मिरचीचा तालुका. ज्यांच्या आजोबांनी बांधावर आणि चिखलात दिवस काढले, त्यांची नातवंडे ऑटोने शाळेत जातात आणि संध्याकाळी मोबाईल घेऊन बसतात. अंगमेहनत गेली, ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. वर पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांची भर पडली. मग वजन वाढले तर दोष एकट्या पोराचा कसा?

म्हणूनच सांगायचे ते एवढेच : या वयातले वजन उपासाने उतरवायचे नसते, आणि ते काम एकट्या पोरावर सोपवायचेही नसते. बदलायचे असते ते घराचे ताट.

वजन उतरवण्याचा एक गाजलेला मंत्र तर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाकडून आला. काटोलचे आमदार राहिलेले आणि असंख्य पदव्यांसाठी ख्यात असलेले डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) वारंवार खाण्याच्या सवयीविरुद्ध व्याख्यानांतून बोलत. त्यातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर पोहोचवली. मोठ्यांसाठी ती कितपत योग्य, यावर तज्ज्ञांचे वाद होत राहतील. पण १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती नाही, हे ती सांगणाऱ्यांनीच स्पष्ट केलेले आहे. नेमके तेवढेच घराघरांत विसरले जाते. बाबा दोनदा जेवतात, मग मुलगीही दोनदाच जेवू लागते.

वाढत्या अंगाचा हिशेब

बाबांचे अंग वाढून झालेले असते. मुलीचे अजून वाढत असते. उंची, हाडांची मजबुती, रक्त, मासिक पाळी या साऱ्यांची बेगमी याच चार-पाच वर्षांत व्हायची असते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे माप सांगते. चहा-बिस्किटांवर आणि अर्ध्या उपासावर ते कुठून मिळणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. अंगाने स्थूल दिसणारी मुलगीही आतून अशक्त असू शकते. तिचे ताट काढून घेतले, तर चरबीआधी रक्तच कमी व्हायचे.

आणखी एक. मोठ्यांचे उंची-वजनाचे कोष्टक मुलांना लावू नये. ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये वेगळे तक्ते दिले आहेत. डॉक्टरांकडून त्यावर एकदा खूण करून घ्यावी. पुष्कळदा वजन घटवावे लागतच नाही. ते आहे तिथे थांबले आणि उंची वाढली, की अंग आपोआप बांध्यात येते.

भात सोडू नका, भाजी वाढवा

कुहीत 'भात सोडा' म्हणणे हे कोकणात 'मासे सोडा' म्हणण्यासारखे आहे. भात वैरी नाही, ढीग वैरी आहे. अर्धे ताट भाजी, काकडी, मुळा, गाजर यांनी भरावे. उरलेल्या अर्ध्यात भात किंवा ज्वारीची भाकर आणि घट्ट वरण, नाहीतर चणा, मटकी, बरबटीची उसळ घ्यावी. अंबाडी, चिवळ, मेथी या आपल्या बाजारातल्या भाज्या कुठल्याही महागड्या डब्यातल्या भुकटीपेक्षा सरस आहेत. सोबत जवसाची चटणी आणि वाटीभर ताक असावे. खाणाऱ्या घरात अंडे किंवा तलावातला मासा चालेल, पण तळलेला नको. रस्साही तर्री काढून.

सकाळची न्याहारी टाळू नये. टाळली की चार वाजता पोर पाकिटावर तुटून पडते. त्या वेळेसाठी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, जाम, बोरे, संत्रे घरात हाताशी ठेवावे. तीनशे मिलिलिटर कोल्याच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते, हे मुलांना एकदा चमच्याने मोजून दाखवावे. उपदेशापेक्षा ते अधिक काम करते. तेलाचेही तसेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या नमुना-ताटात माणशी दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास तेल-तूप आहे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो झाले. आपला डबा किती दिवसांत रिकामा होतो, ते प्रत्येकाने पाहावे.

यात वेगळा स्वयंपाक कुठेच नाही, हे महत्त्वाचे. दिवसभर मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून आलेल्या आईने लेकीसाठी निराळे काय रांधावे? जे मुलीला, तेच सगळ्यांना. बाजारातून भाजी बाबांनी आणावी, काकडी भावाने चिरावी. रोज तासभर सायकल, दोरीवरच्या उड्या किंवा कबड्डी, आणि आठ तासांची झोप हीही या ताटाचीच बाजू समजावी.

एक पथ्य मात्र मोठ्यांनी पाळायचे आहे. 'जाडे', 'हत्ती' ही हाक घरातून कायमची जायला हवी. चेष्टेने वजन उतरत नाही. पोर लपून खायला किंवा मुळीच न खायला शिकते. मुलगी जेवणानंतर ओकारी काढत असेल, तिला चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, तर उशीर न करता डॉक्टरांकडे न्यावे.

महिन्याला किती किलो उतरले, हा प्रश्नच मुलांना विचारू नये. विचारायचेच तर आज भाजी कोणती खाल्ली, किती खेळलीस, हे विचारावे. मुलीचे अंग तिच्या चालीने बांध्यात येईल; तोवर तिला ताटावरून उठवणारे नव्हे, तिच्यासारखेच ताट घेऊन शेजारी बसणारे घर हवे.