शाळेच्या उंबरठ्यावर

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, घरांचीं कौलें परतून झालीं आणि वाण्याच्या दुकानांत वह्या, छत्र्या व कोरीं दप्तरें टांगलेलीं दिसूं लागलीं, कीं आमच्याकडील घरांत एक निराळीच लगबग सुरू होते. विदर्भांत उन्हाची तलखी उशिरां ओसरते म्हणून तेथें आठवडाभर अधिक थांबतात. इतरत्र जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. सारी हयात फळ्यापुढें काढलेल्या आमच्यासारख्यांस या दिवसांत दुसरें कांहीं सुचत नाहीं, आणि या सदरासही दुसरा विषय सुचत नाहीं. वाचकहो, तुमच्याही घरीं एखादें बाळ यंदा प्रथमच शाळेचा उंबरठा ओलांडणार असेल. त्याच्या आजोबाआजींस उद्देशून आम्ही आज थोडें बोलणार आहों.

हल्लीं शाळेच्या पहिल्या दिवसास ‘शाळा प्रवेशोत्सव’ असें नांव मिळालें आहे. दाराला आंब्याच्या पानांचें तोरण, अंगणांत रांगोळी, पहिलीच्या मुलांच्या हातीं फूल, नवीं पाठ्यपुस्तकें, कोठें कोठें मुलांचीं पावलें कुंकवांत बुडवून कागदावर उमटवून घेतात. आमच्याच पालघर तालुक्यांतील दुर्वेस येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत १६ जून २०२५ रोजीं हा उत्सव झाला, त्यास मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस स्वतः उपस्थित होते. शिष्ट मनुष्य घरीं आला असतां त्या दिवशीं अनध्याय पाळावा, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलेलें आहे; तेव्हां त्या दिवशीं दुर्वेसच्या मुलांनीं पाढे म्हटले नसले, तर त्यास शास्त्राधार आहे!

थट्टा पुरे. उत्सव वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या त्या खेड्यांतील पहिली ते चौथीच्या मुलांसाठीं १ डिसेंबर २०२१ रोजीं उघडल्या. त्या वर्षीं पहिलींत नांव घातलेलें मूल शाळेचा वर्ग प्रथम पाहतें, तों तें दुसरींत जाऊन बसलें होतें. बंद शाळेचें दार ज्यांनीं इतके महिने पाहिलें, त्यांनीं उघड्या दारावर तोरण बांधूं नये तर कोणीं बांधावें?

आमची शंका वेगळी आहे. फूल मुलाच्या हातीं जातें. पण त्याला बोट धरून आणणाऱ्याचें काय? आम्ही घिवलीस राहतों. मागें एका जूनमध्यें सकाळीं फिरून येतांना आम्हीं एक कोळी आजी पाहिली. नातवाचे केंस चोपून बसवलेले, खांद्यावर नवें दप्तर. शाळेच्या फाटकाशीं तिनें त्याला आंत लोटलें आणि आपण पावसांत बाहेर उभी राहिली. आम्हीं म्हटलें, “आजी, आंत जा कीं. आज सगळ्यांस बोलावलें आहे.” ती हंसली आणि म्हणाली, “मी काय करूं आंत जाऊन, मास्तर? मला अक्षर येत नाय.” आंत ध्वनिक्षेपकावरून पालकांचें स्वागत चाललें होतें. तें तिला ऐकूं येत होतें. परंतु तें आपल्याला उद्देशून आहे, असें तिला मुळीं वाटलेंच नव्हतें.

हें घिवलीपुरतें नाहीं, तरी घिवलीला तें विशेष लागू आहे. गांव समुद्राच्या कांठचें. जवळच तारापूरचें अणुशक्ति केंद्र. त्याचीं पहिलीं दोन यंत्रें १९६९ सालीं सुरू झालीं, पुढचीं दोन २००५ व २००६ सालीं. या विस्तारापायीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठून दुसरीकडे वसलीं. पलीकडे बोईसरला कारखान्यांची मोठी वसाहत, तेथें उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार. पूर्वेकडील डोंगराळ भागांत वारली व इतर आदिवासी कुटुंबें. या मुलुखांत शाळेच्या एका बाकावर चार मुलें बसलीं, तर चौघांच्या घरची बोली चार तऱ्हेची असूं शकते, आणि पुस्तकाची मराठी त्यांपैकीं कोणाच्याही आईची नसते. गुरुजी पहिल्या दिवशीं जें बोलतात तें मुलाला निम्मेंच कळतें. अशा वेळीं बाहेर उभ्या असलेल्या आजीला आंत बोलावणें हा केवळ शिष्टाचार राहत नाहीं. ती आंत आली तर निदान मुलाची भाषा जाणणारें एक माणूस वर्गांत असतें.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या पंचांगाची. आमच्या वाचकांच्या घरीं श्रावणी पौर्णिमेस जानवें बदलतात. कित्येकांस आतां आठवतही नसेल कीं हें उपाकर्म म्हणजे मुळांत वेदाध्ययनाचा वार्षिक आरंभ होय. पावसाळ्यांत अध्ययन सुरू करावें, तें साडेचार-पांच महिने चालवावें आणि पौषाच्या सुमारास त्याचें उत्सर्जन करावें, असा तो क्रम. जूनमध्यें शाळा उघडण्याची रीत इंग्रजी अमदानींतून आली असेल. पण पावसाबरोबर अभ्यासाला बसणें या भूमीला नवें नाहीं. अर्थात् त्या जुन्या शाळेचें दार फार थोड्यांस उघडें होतें. बायकांस नव्हतें, आणि ज्यांच्या होड्या आमच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यास लागलेल्या असतात त्या कोळ्यांसही नव्हतें. हें झांकून ठेवून जुन्याचे गोडवे गाण्यांत अर्थ नाहीं.

त्याच पौर्णिमेस कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमा असते. समुद्राला नारळ वाहून नव्या हंगामाची सुरुवात करण्याची ही रीत. शासनाची मासेमारीबंदी गेलीं कांहीं वर्षें १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची असते. म्हणजे शाळा उघडते तेव्हां होड्या ओढून झांकून ठेवलेल्या असतात, बाप घरीं जाळीं दुरुस्त करीत बसलेला असतो, चार घटका निवांत असतात. मात्र हातांत पैसा नसतो. वह्या, गणवेश, चपला यांचा खर्च नेमका याच दोन महिन्यांत येतो. पुढें ऑगस्ट उजाडतो. होड्या पाण्यांत उतरतात. बाप दिवसचे दिवस समुद्रावर, आई मासळीच्या पाट्या घेऊन पहाटेच बाहेर, आणि धाकट्या भावंडास सांभाळावयास थोरली मुलगी घरीं. शाळेच्या हजेरीपटावर जूनमध्यें जें नांव ठळक असतें, त्यापुढें भाद्रपदांत टिंबें पडूं लागतात. डोंगराकडे हेंच दिवाळीनंतर घडतें. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील कुटुंबें वीटभट्ट्यांवर वसई-भिवंडीकडे निघतात आणि मुलें त्यांच्या मागोमाग जातात. प्रवेशोत्सवाचा फोटो घ्यावयाचाच, तर तो या दिवसांतही एकदां घ्यावा, असें आमच्या मनांत अनेकदां येतें.

या अडचणीवर आमच्याच जिल्ह्यांत फार पूर्वीं विचार झालेला आहे. ताराबाई मोडक या पदवीधर विदुषी. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचें काम केलेल्या. त्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलें, आणि मोरगांवच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंस बालवयांतच वैधव्य आलें होतें; ज्या घरांत अशा मुलीस माजघराचा कोपरा दाखविला जाई, तशाच घरांतून त्या बाहेर पडल्या होत्या. बालवाडी उघडली तरी वस्तीवरचीं गरीब मुलें येईनात. दुसऱ्या कोणीं आईबापांस दोष दिला असता आणि अहवालांत ‘पालकांची अनास्था’ असा शेरा मारला असता. या दोघी वस्तीवर गेल्या. मुलें जमवलीं, त्यांचे हातपाय धुतले, नखें काढलीं, गाणीं म्हटलीं, आणि झोपड्यांच्या अंगणांतच वर्ग भरविला. तीच ‘अंगणवाडी’. हा शब्द पुढें १९७५ सालीं सुरू झालेल्या बालविकास योजनेनें साऱ्या देशांत नेला. पण तो जन्मला आमच्या किनाऱ्याकडे. परदेशी, महागडीं साधनें बाजूस ठेवून शिंपले, बिया, खडे, पानें आणि माती यांवर त्यांनीं मुलांस मोजावयास शिकविलें.

पुढें हें काम डहाणू तालुक्यांतच कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें पाहिलें तों मोठीं मुलें गुरें घेऊन रानांत जात. मग शिक्षक गुरांमागें कुरणांत गेले, आणि ‘कुरणशाळा’ झाली. थोरल्या मुलीच्या कडेवर तान्हें भावंड असतें म्हणून ती येत नाहीं, असें दिसलें. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एके ठिकाणीं आणलीं, तिचें नांव ‘विकासवाडी’. ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण मिळालें, अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री. पदव्यांपेक्षां आम्हांस त्या दोघींचा एक स्वभाव मोठा वाटतो. मूल कां आलें नाहीं, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं मुलाच्या घरीं जाऊन शोधलें आणि शाळेचा आकार त्या उत्तराप्रमाणें बदलला. भट्ट्यांवरच्या मुलांसाठीं वसईकडे निघालेल्या भोंगाशाळा याच जातीच्या.

कायदाही आतां पालकाच्या बाजूस आहे, पण तो पालकास ठाऊक नसतो. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हां मूल न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता; त्या काळीं तो हलका नव्हता. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, बोट उलट दिशेस वळविलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेंत आणणें हें आतां शासनाचें कर्तव्य होय. वयाचा दाखला नाहीं म्हणून मुलास परत पाठवितां येत नाहीं. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला तरी प्रवेश अडवितां येत नाहीं. मध्येंच शाळा सुटलेल्या मुलास वयाप्रमाणें वर्गांत बसवून मागचें विशेष शिकवावें लागतें. शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितींत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या त्या आजीची सून शाळेचा कारभार पाहूं शकते! वाचकहो, तुमच्या घरीं कामास येणाऱ्या बाईंस, दूधवाल्यास, वाडींतल्या गड्यास या चार गोष्टी सांगावयास पांच मिनिटें पुरतील. सांगा.

आतां आमच्या-तुमच्या घरांकडे वळूं. येथें थोडें तिखट लिहिणें भाग आहे. पूर्वीं गांवच्या शाळेंत कुलकर्ण्यांचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा एका सतरंजीवर बसत. सर्वत्र बसत असें नाहीं, पण पुष्कळ गांवीं बसूं लागले होते, आणि त्यासाठीं झगडणाऱ्यांत कांहीं आमचेच गुरुजी होते. शिकलेल्या घरांतील आजोबा मग सहज शाळेंत डोकावत, गळकें कौल दिसलें तर चार ठिकाणीं शब्द टाकीत. आतां त्याच घरांतील नातू सकाळीं सातला पिवळ्या बसमध्यें बसून दूरच्या इंग्रजी शाळेंत जातो. त्याच्या आईबापांस आम्ही बोल लावीत नाहीं. त्यांची काळजी आम्हांस कळते. परंतु मूल उचललें त्याबरोबर आजोबांनींही गांवच्या शाळेकडे पाठ फिरविली, याला काय कारण? नातू तेथें नसला तरी शाळा गांवची आहे. आठवड्यांतून एक तास जाऊन गोष्ट सांगण्यास, एखाद्या वारली पोराचें वाचन ऐकून घेण्यास कोणाची मनाई नाहीं; मुख्याध्यापकांस विचारावें, म्हणजे झालें. आज्यांनीं तर अवश्य जावें. बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या आजीस आंत घेऊन येणें हें काम कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षां त्यांना चांगलें जमेल.

आणि घरच्या बाळाविषयीं एवढेंच. पहिला आठवडा त्याला “काय शिकलास?” म्हणून विचारूं नका. शेजारीं कोण बसलें, त्याचें नांव काय, तें कोठून येतें, डब्यांत काय आणतें, हें विचारा. नांव सांगतां आलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं विचारून यावयास सांगा. मूल रडत घरीं आलें तर काकांनीं त्याची टिंगल करूं नये. एकत्र कुटुंबांत रडणाऱ्यास कडेवर घेणारे चार असतात तसे हंसणारेही चार असतात, आणि मुलाच्या लक्षांत हंसणारेच राहतात.

शिक्षकमित्रांस एक सूचना करून थांबतों. पालकसभा बहुधा पहिल्या घटकचाचणीनंतर ठेवण्याचा प्रघात आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनीं ती आषाढांतच उरकावी. तेव्हां बाप घरीं असतो आणि नारळी पौर्णिमेनंतर तो सांपडत नाहीं. चिठ्ठी पाठवूं नये, ती वाचणारें घरीं कोणी असेलच असें नाहीं. दोघा शिक्षकांनीं संध्याकाळीं कोळीवाड्यांत चक्कर टाकून तोंडी सांगावें आणि दिवसही तेथेंच विचारून ठरवावा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस तेवढा टाळावा, कारण त्या दिवशीं बायका सुकी मासळी घेऊन बाजारांत बसलेल्या असतात.