पूर्वपक्ष लोकप्रियतेचा: मुंबईच्या विस्मृत बीट ग्रुपांविषयी

मुंबईत 1960 आणि 1970 च्या दशकांत इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम आणि दोन-तीन गळे एवढ्याच सामग्रीवर जे वाद्यवृंद उभे राहिले, त्यांना त्या काळी ‘बीट ग्रुप’ म्हणत. जेट्स, सॅव्हेजेस, कम्बस्टिबल्स, वेल्व्हेट फॉग, ॲटॉमिक फॉरेस्ट ही त्यांपैकी काही नावे. बीटल्सनंतर जगभर पसरलेल्या ज्या गायनप्रकारातून पुढे ‘पॉवर पॉप’, म्हणजे तीन-चार मिनिटांच्या गोड, गुणगुणता येईल अशा चालीला गिटारच्या जोरकस आघाताची जोड देणारे संगीत, निघाले, त्याच मुळावरची ही मुंबईची फांदी होय. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदातील पीट टाउनझेंड यांनी 1967 मध्ये ती संज्ञा वापरली. मुंबईच्या या मंडळींना ती काटेकोरपणे लागू पडेलच असे नाही, पण कुळ एकच आहे. मराठी संगीताच्या इतिहासलेखनात नाट्यसंगीत, भावगीत, लावणी आणि चित्रपटगीत यांना जेवढी पाने मिळाली, त्या मानाने या कुळाच्या वाट्याला तळटीपही क्वचितच आली.

या उपेक्षेचे समर्थन करणारा पूर्वपक्ष साधारणतः असा मांडला जातो: हे वाद्यवृंद लोकप्रिय झाले नाहीत, त्या अर्थी त्यांच्यात टिकण्याजोगे काही नव्हते, त्यांनी परक्यांची नक्कल केली, आणि त्यांचा श्रोता दक्षिण मुंबई व वांद्रे यांपलीकडे नव्हता, त्यामुळे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावाला त्यांचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

यांतील पहिला आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु तो गुणवत्ता आणि वितरण यांची गल्लत करतो. अमेरिकेतील मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका 1972 मध्ये निघाली, समीक्षकांनी ती वाखाणली, आणि तरीही वितरणाच्या घोळामुळे ती दुकानांपर्यंत धड पोहोचलीच नाही. आज तीच पॉवर पॉपचा आधारग्रंथ मानली जाते. वेल्समधून आलेल्या ‘बॅडफिंगर’च्या पीट हॅम आणि टॉम इव्हान्स यांनी रचलेले एक गाणे दुसऱ्याच गायकाच्या आवाजात जगभर गाजले आणि मूळ रचनाकार मात्र आर्थिक विवंचनेत संपले. जेथे ध्वनिमुद्रणाचा बाजार प्रचंड होता तेथे ही गत, तर जेथे ध्वनिमुद्रिकांचा व्यापार मूठभर कंपन्यांच्या हाती होता, चित्रपटगीत हेच त्यांचे भांडवल होते आणि परदेशी गिटार वा ॲम्प्लिफायर आयात करणे जवळजवळ चैनीच्या गुन्ह्यात मोडत होते, तेथे या तरुणांची लोकप्रियता मोजायची तरी कोणत्या मापाने? ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवल्या जाणाऱ्या अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धेतून 1970 आणि 1971 अशा दोन वर्षांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. सिगारेट कंपनीच्या पैशावर संगीताचा दस्तऐवज उरावा, ही गोष्ट भूषणावह नव्हे. परंतु तो दस्तऐवज तिच्याच पैशामुळे उरला, हे नाकारता येत नाही.

नकलेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यातील तथ्य प्रथम मान्य केले पाहिजे: या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत परक्या गाण्यांचा भरणा मोठा होता आणि ‘भारताचे बीटल्स’ अशी जी विशेषणे चाहते आजही उधळतात ती निव्वळ अतिशयोक्ती आहे. तथापि सिमला बीटच्या त्या ध्वनिमुद्रिकांत परक्या गाण्यांबरोबर स्वतंत्र रचनाही आहेत, आणि परकेपणाचीच शिक्षा करायची तर ती सर्वांनाच सारखी करावी लागेल. ज्या पेटीवाचून मराठवाड्यातील भजन उभे राहत नाही, त्या हार्मोनियमचे पेटंट 1842 मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर घातलेली बंदी दशकानुदशके टिकली, तरी समर्थ रामदासांच्या जांबेपासून तीर्थपुरीपर्यंत कोणत्याही गावच्या भजनी मंडळाने त्यापायी पेटी खाली ठेवली नाही. बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत ऑर्गन वाजला, तो परका म्हणून कोणी कानावर हात ठेवले नाहीत. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी 1957 च्या ‘आशा’ या चित्रपटात रॉक अँड रोलचा ठेका आणला, तेव्हा त्याला प्रतिभा म्हटले गेले. तोच ठेका आठ-दहा वर्षांनी कॉलेजातल्या पोरांनी चित्रपटाबाहेर वाजवला की नक्कल, हा न्याय संगीताचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

राहिला तीर्थपुरीचा प्रश्न. 1965 च्या ‘गुमनाम’ या चित्रपटात मोहम्मद रफी यांच्या आवाजातील जे वेगवान गाणे आहे, त्यात पडद्यावर वाजवणारा ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हा मुंबईचा खराखुरा बीट ग्रुप होता. 2001 मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाने तेच दृश्य आरंभी वापरले. तंबूतल्या सिनेमात वा तालुक्याच्या टॉकीजमध्ये ‘गुमनाम’ पाहणाऱ्याने वादकांची नावे विचारली नसतील, मुंबईच्या हॉटेलांची दारेही त्याला बंदच होती, परंतु त्या ध्वनीने त्याचे कान घडवले. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मधील कृष्णाला धरतीवर बोलावणारे गाणे ज्यांनी गायले, ते नंदू भेंडे याच बीट ग्रुपांच्या मांडवातून आलेले होते. गावाचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांना गावाने काय ऐकले याची चौकशी करावीशी वाटलेली नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

नंदू भेंडे (मृत्यू 2014) यांच्याकडे अधिक थांबून पाहणे अवश्य आहे, कारण पूर्वपक्षातील न बोलला जाणारा, पण सर्वांत बळकट आक्षेप त्यांच्यापाशी येऊन अडतो: ही मंडळी मराठीत गायली नाहीत. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचा हा मुलगा वेल्व्हेट फॉग आणि ॲटॉमिक फॉरेस्ट यांत गायला, 1974 मध्ये ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत त्याने ज्यूडासची भूमिका केली, आणि चारच वर्षांनी तो पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त आला. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 1928 च्या संगीतिकेवरून पु. ल. देशपांडे यांनी रचलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात नाट्यसंगीताची वळणे, तमाशाची ढोलकी आणि पाश्चात्त्य पॉप हे तिन्ही एकाच रंगमंचावर नांदले, आणि त्यातील पॉपची बाजू मराठी शब्दांत भेंडे यांनी उभी केली. ढोलकीनंतर लागलीच गिटार ऐकू आल्यावर मराठी प्रेक्षक उठून गेला नाही. म्हणजे मराठी भाषा या संगीताला प्रतिकूल होती असे नव्हे. तिला सामावून घेणारा प्रयोग कोणी करावा, याची वाट दोन्ही बाजूंनी पाहिली गेली, आणि तो केला तो नाटकवाल्यांनी. सॅव्हेजेसमध्ये वाजवून गोव्याला परतलेल्या रेमो फर्नांडिस यांनी पुढे कोंकणीत गाणी केली, तीही याच शक्यतेची साक्ष देतात. बहुतेक बीट ग्रुपांनी ही वाट धरली नाही, हा त्यांचा दोष आहे आणि तो आपुलकीच्या भरात झाकण्याचे कारण नाही.

या वाद्यवृंदांची आठवण ममत्वाने काढणारे बहुधा त्यांच्या समकालीनांपैकी असतात, म्हणून ती आठवण निव्वळ तारुण्याची हुरहुर ठरवली जाते. परंतु ॲटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ’77’ ही ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर सुमारे तीन दशकांनी एका अमेरिकन कंपनीने पुन्हा काढली, ती विकत घेणाऱ्यांना मुंबईतल्या कोणाच्याही तारुण्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी चाल ऐकली, गिटार ऐकली, आणि पैसे मोजले.