गंगारामची वही चिंचवडला हवी

गंगाराम तांबट हा पेशवाईतल्या पुण्याचा चित्रकार. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी कागदावर उतरवली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही रेखाटला. खांब, शिल्पे, दालने त्याने अशी न्याहाळली, की दोनशेहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासक ती चित्रे उघडतात. मात्र त्यासाठी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे दार ठोठावावे लागते!

चित्रे टिकली, पण वास्तू टिकतीलच असे नाही. पुण्याचा शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला. दगडी जोते आणि तटबंदी उरली, लाकडी महाल नाही.

पिंपरी-चिंचवडकरांनी यातून काही घ्यावे. कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे पवनेकाठी मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे, मंगलमूर्ती वाडा आहे. चाकणला १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध जवळपास दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग आहे. आज त्याचे मोजकेच अवशेष दिसतात. उड्डाणपुलांचे खांब रंगवण्याची हौस आपल्याला भारी. ते रंगवणारा चित्रकारच मंगलमूर्ती वाड्यासमोर का बसवू नये? छायाचित्र क्षणात निघते. चित्रकाराला मात्र कमान कुठे टेकते, हे समजून घ्यावेच लागते.

महापालिकेने स्थानिक चित्रकारांकडून या वास्तूंची चित्रे करून घ्यावीत आणि ती शहरातच, सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत.