बटण गाडीत हवं, कंपनीच्या लॅपटॉपमध्ये नको

गाडी सर्व्हिसला गेली की वर्कशॉपवाले तिची मोबाइलवरून चालणारी फीचर्स बंद करतात आणि मालक चिडतो, 'मला न विचारता?' ही चीड अर्धीच बरोबर आहे. सांगायला हवं होतं, हे खरं. पण बंद करणं योग्यच आहे. खरा प्रश्न हा की, ती बंद करण्याची सोय फक्त कंपनीच्या माणसांकडेच का?

घरचंच उदाहरण घेतो. गाडी सौंदडला, बाबांकडे. अ‍ॅप पुण्यात, माझ्या फोनमध्ये. इथून मी इंजिन सुरू करू शकतो, एसी लावू शकतो. बॉनेट उघडं असेल तर बऱ्याच गाड्या रिमोटने सुरू होत नाहीत. पण मिस्त्री गाडीखाली झोपलेला असताना बॉनेट बंदही असू शकतं. सुमारे 800 किलोमीटरवरून तो मला दिसत नाही. अ‍ॅपलाही दिसत नाही. 'बॅटरीची वायर काढा' हा उपायही पुरत नाही, कारण स्कॅनर लावून दोष शोधायचा तर गाडीत वीज हवी.

अधिकृत वर्कशॉपला कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं. नागपूर-रायपूर महामार्गावरच्या आमच्या मिस्त्रीला काय मिळतं? पाना आणि नशीब.

हे दुखणं जुनं आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेलं. 2022मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत वाहनंही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2020मध्ये गाडीचा वायरलेस डेटा बाहेरच्या गॅरेजना खुला करायचा कौल दिला. त्यावर सुबारू आणि किया यांनी तिथल्या नव्या गाड्यांतली कनेक्टेड सेवाच बंद केली. किल्ली देण्यापेक्षा दारच काढून नेलं!

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो : यात तांत्रिक अडचण मोठी नाही. गाडीच्या स्क्रीनवर 'दुरुस्ती सुरू' असं एक बटण द्या. ते दाबलं की दूरून आलेला प्रत्येक हुकूम गाडीने नाकारावा. मालकाच्या फोनवर वेळेसह निरोप जावा. काम संपल्यावर बटण बंद केलं की सगळं होतं तसं चालू व्हावं.

चोर त्याचा फायदा घेईल, असं कंपन्या म्हणतील. मग किल्ली गाडीत असेल तरच बटण चालू द्या आणि गाडीचं ठिकाण मालकाला दिसत राहू द्या. हुकूम थांबवायचे आहेत, नजर नाही.

सीटबेल्ट लावला नाही तर गाडी कोकलते. तिच्याखाली झोपलेल्या माणसासाठी एक बटण देणं कंपन्यांना जड का जावं? ते ऐच्छिक ठेवू नका, नियमानेच सक्तीचं करा. मिस्त्रीचा हात अधिकृत आहे की अनधिकृत, हे पंख्याच्या पात्याला कळत नाही.