फ्रेंड लिस्टमधला बंड्या

समजा, तुम्ही ऑफिसातून थकूनभागून घरी आलात. दारातच बाबा उभे. चेहरा एवढासा झालेला. "काय रे, माझी फ्रेंड रिक्वेस्ट तशीच पडून आहे. मी तुझा फ्रेंड नाही का?" आता यावर काय बोलणार! अहो, तुम्ही बाबा आहात ना? मग फ्रेंड कशाला व्हायचंय?

हसू नका. स्टॅन मार्श नावाच्या चौथीतल्या पोराची ही खरीखुरी गोची आहे. म्हणजे खरीखुरी टीव्हीवरची! ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या जोडगोळीच्या 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून सीरियलचा 'यू हॅव झिरो फ्रेंड्स' नावाचा एपिसोड एप्रिल २०१० मध्ये आला. स्टॅनला फेसबुकवर यायचंच नसतं. पण मित्र परस्पर त्याचं प्रोफाइल बनवून टाकतात आणि बिचाऱ्याच्या मागे शुक्लकाष्ठ लागतं. बाबा रुसतात. आजीला पोक करायचं राहून जातं. गर्लफ्रेंड वेंडी तर जाम भडकते, कारण स्टेटसमध्ये 'सिंगल' लिहिलेलं असतं. शेवटी वैतागून तो अकाउंट डिलीट करायला जातो, तर कॉम्प्युटरच त्याला आत खेचून घेतो. तिथे त्याची गाठ पडते त्याच्याच प्रोफाइलशी. ते भलंथोरलं झालेलं असतं आणि आता मालकाचं ऐकत नसतं! एकदम सॉलिड आयडिया.

टीव्हीवरच्या कॉमेडीवाल्यांची ही खास ट्रिक आहे. स्क्रीनवर आपल्याला नॉर्मल वाटणारी गोष्ट उचलायची आणि जशीच्या तशी भर रस्त्यात, माणसांमध्ये आणून ठेवायची. मग ती आपोआप येडपटासारखी दिसायला लागते. 'द ऑफिस'चे फॅन असाल तर रायनचं 'वुफ' आठवत असेलच. २०१० च्या त्या एपिसोडमध्ये या पठ्ठ्याची वेबसाइट तुमचा एक मेसेज समोरच्याच्या फोनवर, ईमेलवर, फेसबुकवर, ट्विटरवर आणि वर फॅक्सवरसुद्धा एकाच वेळी धाडते. सगळीकडून एकदम टणटणाट! आणि एवढं करून मेसेज काय, तर काहीच नाही. आपल्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सात वाजता पडणारे गुलाबाचे फोटो आठवले ना?

'कम्युनिटी' ही सीरियल याच्याही पुढे गेली. मार्च २०१४ मधल्या एका एपिसोडमध्ये कॉलेजात एक नवं अॅप येतं, 'म्याऊम्याऊबीन्झ'. त्यात कुणीही कुणालाही एक ते पाच मार्क द्यायचे. सुरुवातीला सगळी धमाल असते. मग बघता बघता कॉलेजात चक्क जाती तयार होतात. पाचवाले महाराजे, एकवाले अस्पृश्य! ब्रिटा जीव तोडून सांगत असते की हे चुकीचं आहे, पण तिचं ऐकतं कोण? तोंडाला मोहरीचा सॉस लागलेला असला तरच लोक तिला सीरियसली घेतात. शेवटी उलगडा होतो की आज शनिवार आहे. म्हणजे सुट्टीच्या दिवशी ही मंडळी निव्वळ मार्कांसाठी कॉलेजात येऊन बसली होती!

दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये 'ब्लॅक मिरर'चा 'नोझडाइव्ह' आला. आयडिया जवळपास तीच, पण इथलं हसू घशात अडकतं. यातल्या लेसीचं रेटिंग आहे ४.२. तिला हवंय ४.५, कारण तेवढं असेल तरच मनासारख्या घरावर डिस्काउंट मिळणार. मग तिला लहानपणीच्या मैत्रिणीच्या, नेओमीच्या लग्नाचं आमंत्रण येतं. लेसी हवेत! पण वाटेत काही ना काही घडत जातं आणि रेटिंग धडाधड कोसळतं. नेओमी फोन करून सांगते, आता येऊ नकोस. बालमैत्रिणीला बोलावण्यामागेही आकड्यांचाच हिशोब होता, हे तेव्हा कळतं. वाटेत लेसीला लिफ्ट देणारी ट्रक ड्रायव्हर बाई भेटते. तिचं रेटिंग १.४. कधीकाळी तीही आकड्यांमागे धावायची. पण तिच्या नवऱ्याला कॅन्सर झाला तेव्हा त्याचं रेटिंग ४.३ होतं आणि हॉस्पिटलमधली जागा ४.४ वाल्याला मिळाली. हा एपिसोड लिहिलाय रशिदा जोन्स आणि मायकेल शूर यांनी. दोघंही 'पार्क्स अँड रिक्रिएशन'सारख्या कॉमेडीमधले मुरलेले. म्हणूनच त्यांना नेमकं ठाऊक आहे, हसवता हसवता चिमटा कुठे काढायचा ते.

पण मला खरा चिमटा बसला तो 'साउथ पार्क'मध्येच. स्टॅनचा मित्र काईलला फेसबुकवर किप ड्रॉर्डी नावाचा तिसरीतला मुलगा दिसतो. त्याच्या मित्रांचा आकडा शून्य. काईलला दया येते आणि तो त्याला अॅड करतो. किपचा आनंद गगनात मावेना! तो लॅपटॉप घेऊन चक्क थिएटरात जातो, नव्या मित्राबरोबर पिक्चर बघायला. इकडे काईलचे फ्रेंड्स मात्र भराभर कमी व्हायला लागतात. कारण किपसारख्याशी मैत्री म्हणजे शेअर बाजारात पडेल शेअर घेण्यासारखं. काईल वाईट मुलगा नाही हो. तो बराच वेळ टिकून राहतो. पण शेवटी किपला डिलीट करतोच.

इथे मी लॅपटॉप बंद केला. कारण मला बंड्या आठवला.

बंड्या (खरं नाव सांगत नाही) माझा शाळेतला मित्र. मी काहीही पोस्ट केलं की पहिली कमेंट त्याची. "लय भारी!" मी कॉन्फरन्सला गेले, "लय भारी!" मी नुसता कॉफीचा फोटो टाकला, "लय भारी, आम्हाला पण पाज की!" एकदा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "कोण गं हा?" मी म्हटलं, "आहे असाच कुणीतरी." आणि त्याच संध्याकाळी त्याला गुपचूप म्यूट करून टाकलं. डिलीट नाही केलं हं! तेवढी मी चांगली आहे. काईलपेक्षा जरा जास्तच हुशार म्हणा.

तर त्या रात्री मी बंड्याला फोन लावला. पहिलाच प्रश्न, "बोल गं, काय काम काढलंस?"

"काही नाही रे, सहज."

"सहज?" त्याला काही झेपेचना. मग हळूहळू गाडी रुळावर आली. शाळा, मास्तर, कोणाचं लग्न झालं, कोण जाड झालं. पाऊण तास गेला. बोलता बोलता मी विचारलं, "आई कशी आहे?" कारण त्याच्या आईच्या हातची थालीपीठं मी मधल्या सुट्टीत कितीदा खाल्ली असतील, त्याला गणतीच नाही.

"आई गेली गं, गेल्या वर्षी. टाकलं होतं की मी फेसबुकवर."

टाकलं होतं त्याने. मला दिसलं नाही, कारण मी त्याला म्यूट केलं होतं.

या सगळ्या सीरियल्स बघताना मला वाटायचं, काय मस्त घेतलीये यांनी अॅपवाल्यांची! पण अॅपवर हसणं सोपं आहे. किपला डिलीट करायला काईलला फेसबुकने सांगितलं नव्हतं, आणि बंड्याला म्यूट करायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. चारचौघांत आपला आकडा पडेल, ही भीती आपली स्वतःची. अॅपने फक्त ती भीती मोजायची सोय करून दिली.

तर मंडळी, या वीकएंडला हे एपिसोड जरूर बघा. मनसोक्त हसा. एक संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायच्या आधी काही सेकंद मिळतात. तेवढ्यात पॉज करा आणि तुमच्या लिस्टमधल्या बंड्याला फोन लावा. "काय काम काढलंस?" असं त्याने विचारलं, तर रागावू नका.

विचारणारच तो!