छान म्हणजे किती?

जावयाच्या घरी पाहुणचार घेताना काय बोलू नये, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावे लागत नसे. पुढ्यात येईल ते खावे, ‘छान’ म्हणावे आणि हात धुवावेत. २०२३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत ऑरेगनमधल्या पोर्टलंडला मुलीकडे गेलो होतो, तेव्हाही मी हेच केले. फरक इतकाच, की जावईबापूंनी पुढ्यात ठेवला होता तो ग्लास, आणि ग्लासात होती त्यांनी स्वतः गॅरेजमध्ये केलेली बिअर. घरी स्वतःपुरती बिअर करायला तिथे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मुभा दिली आहे. (आपल्याकडे ती नाही. वाचकांनी प्रयोग करू नयेत. आपल्याकडे पिण्याचा परवानाच मुळी ‘आरोग्य टिकवण्यासाठी’ मिळतो!)

‘‘कशी आहे, बाबा?’’

‘‘छान!’’ मी म्हणालो.

नाकाला लोण्याचा वास आला होता. ताज्या, विरजणाच्या लोण्याचा. बिअरला लोण्याचा वास का यावा, असे क्षणभर वाटलेही. पण जावयाला नावे ठेवायची नसतात.

ही बिअर त्यांनी एका हौशी मंडळाच्या स्पर्धेला पाठवली. दोन आठवड्यांनी निकालाचा कागद आला. पन्नासपैकी सत्तावीस. परीक्षकांनी लिहिले होते: ‘लोण्याचा ठळक वास आणि चव. या प्रकारात हा दोष. यीस्टला काम संपवायला दोन-तीन दिवस अधिक द्या, लगेच थंड करू नका. बाकी कडवटपणाचा तोल उत्तम.’ जेवणाच्या टेबलावर त्यांनी हे मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे वळून विचारले, ‘‘बाबा, तुम्हाला आला होता हा वास?’’

मी पाण्याचा घोट घेतला. मुलगी मात्र हसून म्हणाली, ‘‘माझी आमटी अळणी झाली की पहिल्या घासाला सांगता. इथं बरे गप्प बसलात!’’

ती थट्टेत बोलली, पण मला ते लागले. कारण ते खरे होते. बायकोच्या, मुलीच्या, सुनेच्या हातच्या पदार्थाला आपण पुरुष मंडळी बेधडक गुण देतो. उंबऱ्याबाहेर पडलो की मात्र सगळे जग आपल्याला छान दिसू लागते.

पुढे जानेवारीत दुसऱ्या एका स्पर्धेत वाढप्यांची गरज होती. बाटल्या आणायच्या, ओतायच्या, कागद गोळा करायचे. जावयांची त्यात प्रवेशिका नव्हती, त्यामुळे मी बिनदिक्कत नाव दिले. माझ्या वाट्याला नेमके अमेरिकन पेल एलचे टेबल आले.

या बिअरचे कूळ थोडक्यात सांगतो. ‘पेल’ म्हणजे फिकट. मोड आणलेले सातू पूर्वी लाकडाच्या आचेवर वाळवत, ते काळपट आणि धुरकट होत. इंग्लंडमध्ये दगडी कोळशाचा कोक वापरात आला, तसे फिकट सातू आणि फिकट बिअर सुकर झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची बिअर जहाजांतून हिंदुस्थानात येत असे. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्या व्यापारातून रुजले. खास आपल्यासाठी कुणी नवा शोध लावला, ही दंतकथा. अमेरिकन अवतार त्याहून अलीकडचा. १९७२ साली या ऑरेगनमधूनच ‘कॅस्केड’ नावाची हॉप्सची जात शेतकऱ्यांना मिळाली. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले. कॅस्केडचा वास सोललेल्या पपनसासारखा, त्यामागे चिडाच्या झाडाची हलकी झुळूक. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सुरू झालेल्या सिएरा नेवाडाने तिच्यावर आपली पेल एल उभी केली. संस्थापक केन ग्रॉसमन यांनी सुरुवातीचे अनेक घाणे चव एकसारखी येईना म्हणून सरळ गटारात ओतले. नवा धंदा, डोक्यावर कर्ज आणि माल गटारात! माझ्यातला बँकेचा अधिकारी हे वाचून शहारला. लेखक मात्र खजील झाला. मी एकही प्रकरण गटारात ओतल्याचे मला आठवत नाही.

असो. टेबलावर दोन परीक्षक समोरासमोर बसलेले. अत्तर नाही, वासाचा साबण नाही. लाकडी पेन्सिलसुद्धा नाही, कारण लाकडाचा वास मध्ये येतो. समोर पाणी आणि कोरडी बिस्किटे. बाटलीवर नाव नाही, फक्त क्रमांक. मी ओतले, की पहिली गोष्ट म्हणजे ग्लास नाकाशी. वास उडून जायच्या आत तो पकडायचा. मग रंग, फेस. मग घोट, आणि तो गिळायचा, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतर जिभेवर किती रेंगाळतो तेही पाहायचे असते. बिअर बर्फगार नव्हती. तसे बर्फगार केले की दोषही गारठून जातात. आमच्या तरुणपणी बिअरची एकमेव परीक्षा ‘थंड आहे ना?’ ही होती, याची आठवण झाली आणि आम्ही काय काय पचवले असेल याचा अंदाज आला.

गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात कशी लागते त्याला पाच, एकूण ठशाला दहा. रूपाला अवघे तीन! आपल्या साहित्यात मुखपृष्ठाला याहून अधिक मिळतात. दोघे परीक्षक मुकाट्याने लिहितात. एकाची भुवई उंचावली तर दुसऱ्याचे मत ढळू नये म्हणून. लिहून झाल्यावर आकडे सांगतात, आणि तफावत फार पडली तर पुन्हा वास घेऊन वाद घालतात. तीन तासांत मी ‘छान’ हा शब्द ऐकला नाही. भाजलेल्या ब्रेडच्या कडेचा वास, हिरव्या सफरचंदाचा, उकडलेल्या मक्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा, असेच ऐकले. आणि प्रत्येक वासामागे कारण. पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागली, हिरवे सफरचंद म्हणजे बिअर कोवळी राहिली. दोषही त्या त्या प्रकारापुरता. तेच लोणी चेक पद्धतीच्या बिअरमध्ये अल्प प्रमाणात चालते. अमेरिकन पेल एलमध्ये ते पपनसाला झाकून टाकते, म्हणून दोष.

टेबलाशी उभा असताना मला इचलकरंजीकडची एक शेड आठवत होती. मार्च महिना, शाखेचे उद्दिष्ट अपुरे, आणि यंत्रमागांसाठी दिलेल्या कर्जाच्या वाढीव हप्त्याआधीची स्थळपाहणी. कर्जदाराने खुर्ची दिली, चहा दिला. माग जागेवर होते. पण शेडमध्ये तेलाचा वास नव्हता. चालत्या मागांच्या शेडमध्ये तापलेल्या तेलाचा वास कपड्यांना चिकटून घरी येतो. तिथे नुसती थंड धूळ होती. माझ्या नाकाने ते टिपले. हाताने मात्र लिहिले: ‘पाहणी केली. समाधानकारक.’ कर्ज थकले. जामीनदार कर्जदाराचा मेहुणा होता, प्राथमिक शाळेतला शिक्षक. पुढे वसुलीसाठी तो शाखेत यायचा, तेव्हा माझ्या टेबलासमोर बसायचा. ‘‘साहेब, तुम्ही पाहून आला होता ना?’’ असे त्याने एकदाच विचारले. मी काय उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

‘समाधानकारक’ हे ‘छान’चेच सरकारी भावंड. दोन्ही शब्द काही सांगत नाहीत, पण सांगितल्याचे पुण्य पदरात पाडतात. ‘छान’ म्हणणे ही सभ्यता आहे, समोरच्याचे मन राखणे आहे, असे मीही वर्षानुवर्षे मानले. आता वाटते, त्यात राखतो ते आपले मन. त्या दोन अनोळखी परीक्षकांनी जावयांच्या बिअरला मन लावून नाक दिले, कागदभर लिहिले, दोष कुठून आला आणि कसा जाईल ते सांगितले. मी फुकट प्यायलो आणि एका शब्दात सुटलो. माझ्या पहिल्या कादंबरीला मित्रांनी असेच ‘छान’ म्हटले होते. शेवटची साठ पाने घाईने उरकली आहेत, हे मला छापून झाल्यावर एका अनोळखी वाचकाच्या पोस्टकार्डाने कळवले. मित्रांचे शब्द विसरलो, ते कार्ड अजून कपाटात आहे.

याचा अर्थ सगळीकडे फटकळपणा करावा, असा मुळीच नाही. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, त्यानंतर स्थानिक बिअरची चर्चा करणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांतले निम्मे ‘भंगार’ म्हणून ग्लास सरकवतात, उरलेले मेन्यूकार्डावरची वर्णने पाठ म्हणतात. ‘भंगार’मध्येही नाक वापरलेले नसते. ते ‘छान’इतकेच आळशी.

मार्चमध्ये परतण्याच्या आदल्या आठवड्यात जावयांचा नवा घाणा तयार झाला. लोणी गेले होते. यीस्टला या वेळी पुरते दिवस मिळाले होते. पपनस स्वच्छ होते. मी घोट घेतला, गिळला, थांबलो. मुलगी स्वयंपाकघरातून बघत होती.

‘‘शेवटी काहीतरी खटकतंय,’’ मी म्हणालो.

‘‘कडू जास्त झालीय?’’

‘‘कडू नव्हे, तुरट. कच्च्या सुपारीसारखी. जीभ ओढल्यासारखी होते.’’

त्यांनी स्वतः घोट घेतला, डोळे मिटले. मग उठून त्यांची वही आणली, मागची पाने उलटली. ‘‘सातू धुताना पाणी फार कढत होतं बहुतेक,’’ ते म्हणाले. ‘‘टरफलातला तुरटपणा उतरला असणार. किती द्याल?’’

‘‘चौतीस,’’ मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतले आणि माझा ग्लास पुन्हा भरला.