मळी, हिरडा आणि एम.टेक.चा प्रबंध

मराठीच्या भवितव्याची चर्चा आपल्याकडे उदंड होते. इंग्रजी शाळा, वाचनाची घटती आवड, दुकानांच्या पाट्या, अभिजात दर्जा हे तिचे ठरलेले विषय. उच्च तांत्रिक शिक्षण मात्र तिच्यात येत नाही, आणि आलेच तर 'मुले शेवटी इंजिनिअरिंगकडे जातात' अशा तक्रारीच्या सुरात येते. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. रसायन अभियांत्रिकीत एम.टेक. करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध कोणत्या भाषेत कुणापर्यंत पोचतो, हा प्रश्न तंत्रशास्त्राच्या विभागांइतकाच मराठी विभागांचाही आहे. तो आपला नाही असे मानण्यात जी सोय दडलेली आहे, तिच्याविरुद्ध हे लेखन आहे. उदाहरणादाखल आम्ही जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके घेतो.

आधी ह्या विद्येचे स्वरूप पाहू; कारण साहित्याच्या अभ्यासकांत तिच्याविषयी 'कारखान्याचे शास्त्र' यापलीकडे कल्पना नसते. १८८७ साली जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरला जी व्याख्याने दिली, तिथून ह्या विद्येची सुरुवात मानतात. १९१५ साली आर्थर लिटल यांनी तिला तिचा पाया दिला. साखर, कागद, साबण, औषधे हे उद्योग वरवर कितीही वेगळे दिसोत, ते सगळे मूठभर क्रियांच्या वेगवेगळ्या जुळण्या असतात: दळणे, गाळणे, आटवणे, वाळवणे, अर्क काढणे, ऊर्ध्वपातन करणे. ह्या क्रिया स्वतंत्रपणे अभ्यासल्या की कोणताही उद्योग समजू शकतो. पुढे १९२८ साली व्लादिमिर प्रॉप यांनी रशियन लोककथांच्या बाबतीत जे केले, ते याच जातीचे होते. शेकडो कथांमागे ठरावीक कार्यांची मालिका असते, हे त्यांनी दाखवले. प्रॉप शिकवणाऱ्या वर्गाला लिटल परका वाटावा, असे काहीच कारण नाही.

आता ह्या क्रियांना मराठीत शब्द नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी एकदा गुऱ्हाळावर जाऊन यावे. चुलवाण, काहील, कढ, साका, काकवी हे शब्द तिथे रोजच्या वापरात आहेत. रस निवळण्यासाठी भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालायचा, वर आलेली मळी काढून टाकायची, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का हे पाहून काहील उतरवायची, ह्या सगळ्याची वेळ गुळव्या नजरेने ठरवतो. हे सारे निवळण, बाष्पीभवन आणि स्फटिकीकरणाचे ज्ञानच आहे. जुन्नरचा कागद तर आपल्याच घरातला दाखला. पेशवेकाळात जुन्नरी कागदाचे नाव होते. चिंध्या आणि गोणपाट भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून, धुऊन, लगदा साच्यावर उचलून, वाळवून, खळ लावून आणि घोटून तो तयार होत असे. पाठचिकित्सेच्या तासाला आपण हस्तलिखितांचे पाठभेद शिकवतो. पण ते ज्या कागदावर उतरले तो कसा झाला, हे क्वचितच सांगतो. भाषा गरीब नव्हती. तिच्यातले क्रियावाचक शब्द आपण अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवले, एवढेच.

त्याचा परिणाम काय होतो, हे एकाच शब्दाच्या आधारे दाखवता येईल. तो शब्द म्हणजे 'मळी'. गुऱ्हाळावर काहिलीतून काढला जाणारा मळ ही मळी. साखर कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर उरणारा दाट, काळसर पाक हीही मळी. टनभर उसामागे ती साधारण ४० ते ४५ किलो निघते आणि तिच्यापासून अल्कोहोल होते. रस गाळल्यावर उरणारा चोथा, ज्याला इंग्रजीत प्रेसमड म्हणतात आणि शेतकरी खत म्हणून शेतात टाकतो, त्यालाही मळीच म्हणतात. शिवाय आसवनीतून बाहेर पडणारे सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, वर्तमानपत्रांच्या भाषेत 'मळीचे' किंवा 'मळीमिश्रित पाणी' होते. यातला एक पदार्थ कच्चा माल आहे, एक खत आहे; आणि शेवटचा प्रक्रियेविना नदीत गेला तर पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारणारा आहे. एक लिटर अल्कोहोलमागे तो साधारण ८ ते १५ लिटर तयार होतो.

जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत, आणि ऊस हे दोन्ही तालुक्यांचे मोठे पीक आहे. सहकारी कारखान्याचा सभासद हा कायद्याने त्याचा मालक असतो. वार्षिक सभेत आसवनीचा किंवा इथेनॉलचा प्रकल्प मांडला जातो, तेव्हा त्याला हात वर करायचा असतो. ज्याच्या भाषेत माल, खत आणि विष यांना एकच नाव आहे, तो कोणता प्रश्न विचारणार? संदिग्धता हा कवितेचा गुण असेल. ताळेबंदात आणि नदीत ती बलवानांच्या सोयीची ठरते. आम्ही कोणत्याही एका कारखान्यावर आरोप करत नाही. आमचा आरोप आहे तो हे शब्द वेगळे करण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, असे मानणाऱ्या विद्याव्यवस्थेवर.

कारण हे वेगळेपण ज्याला नेमके ठाऊक आहे असा माणूस ह्याच तालुक्यांतून तयार होत असतो. आंबेगावात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पण रसायन अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर तालुका सोडावाच लागतो. कुणी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जातो, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आणि 'यूडीसीटी' या नावाने दोन-तीन पिढ्यांना ठाऊक असलेल्या संस्थेत. कुणी नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत, कुणी लोणेऱ्याला, कुणी आयआयटीत. दोन वर्षांच्या अखेरीस तो प्रबंध लिहितो. प्रबंध इंग्रजीत असतो, परीक्षक वाचतात, आणि तो ग्रंथालयात जातो. ज्या गावाच्या उसावर किंवा पाण्यावर तो लिहिलेला असू शकतो, त्या गावाला त्यातली एक ओळही मिळत नाही. मुलगा 'एम.टेक. झाला' एवढेच गावाला कळते. ही शिडी आहे; पूल नाही.

यावर दोन ठरीव उत्तरे मिळतात. पहिले असे की, विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे, हट्ट कशाला? आम्ही हट्ट धरतच नाही. प्रबंध इंग्रजीतच असावा. जगाशी बोलायचे तर त्याला पर्याय नाही. पण जगाशी बोलण्याने जुन्नरशी बोलण्याचे कर्तव्य फिटत नाही. दुसरे उत्तर भाषाभिमान्यांचे. परिभाषाकोश आहेत, २०२१ पासून पदवीच्या पातळीवर मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगीही मिळाली आहे, मग अडले कुठे? अडले ते गद्यापाशी. कोशातला शब्द वाक्यात वावरल्याशिवाय जिवंत होत नाही. ज्यांचा जन्म जुन्नरच्या शिवनेरीवर झाला त्या शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातले जे शब्द टिकले, ते दरबाराच्या रोजच्या लिखाणात आले म्हणून टिकले. 'अधिशोषण' आणि 'अवशोषण' यांतला फरक यादीने कळत नाही. तो दोन पाने नीट लिहून दाखवावा लागतो. ती दोन पाने कोण लिहिणार, हा खरा प्रश्न आहे.

ती न लिहिण्याची किंमत हिरड्याच्या उदाहरणात दिसते. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागातले महादेव कोळी आदिवासी हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा वाळवून विकणे हा त्यांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे. हिरड्यात टॅनिन भरपूर असते, म्हणून औषधाखेरीज कातडी कमावण्यासाठीही त्याला मागणी असते. फळ कधी तोडावे, किती वाळवावे, अर्क कोणत्या तापमानाला काढावा, हे प्रश्न अस्सल रसायन अभियांत्रिकीचे आहेत. त्यांची अर्धी उत्तरे गोळा करणाऱ्या बायकांच्या हातांत आहेत, उरलेली अर्धी प्रयोगशाळेत. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात ह्या झाडांचे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठी ह्या लोकांना आंदोलने करावी लागली. ज्या संपत्तीचे वर्णन नाही, तिचे नुकसानही मोजता येत नाही.

लिहून ठेवण्याचे मोल हळदीच्या पेटंटने एकदा शिकवले आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले आणि १९९७ साली रद्द झाले. सीएसआयआरने तो लढा दिला, तेव्हा तिचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, याच यूडीसीटीतून घडलेले रसायन अभियंते. घरोघरची आजी हळद लावत होती, एवढे सांगून ते पेटंट रद्द झाले नाही. त्यासाठी लिखित आणि छापील पुरावे पुढे ठेवावे लागले. जे लिहिलेले होते ते वाचले. हिरड्याविषयी बायकांना जे ठाऊक आहे, ते किती लिहिले गेले आहे?

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तांत्रिक पदव्युत्तर प्रबंधाला वीसएक पानांचे मराठी निवेदन जोडलेले असावे. ते गोषवारा नसावे, स्वतंत्र गद्य असावे. बारावी झालेल्या सभासदाला ते वाचून सभेत प्रश्न विचारता यावा, ही त्याची कसोटी. त्याला गुण असावेत, आणि परीक्षकांपैकी एक मराठी विभागाचा असावा. मराठी विभागांनीही वैचारिक गद्याच्या अभ्यासपत्रिकेत अशा निवेदनांना जागा द्यावी, आणि गुऱ्हाळ, कागद, हिरडा यांची क्रियावाचक शब्दसंपदा गोळा करण्याचे काम एम.ए.च्या विद्यार्थ्यांना द्यावे. त्याच त्या कादंबऱ्यांतल्या त्याच त्या जाणिवांवरचे प्रबंध थोडे कमी झाले, तर मराठी समीक्षेची हानी होईल असे आम्हांला वाटत नाही.

साहित्याचा विभाग म्हणजे अनुवादाचे दुकान नव्हे, असा आक्षेप येईलच. तो आम्हांला मान्य नाही. कारण इथे अनुवाद अपेक्षितच नाही. वस्तूला तिचे नाव देणे आणि एका नावाखाली दडलेल्या तीन वस्तू वेगळ्या करून दाखवणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे मूळ काम आहे. कवितेतल्या एका शब्दाच्या अर्थच्छटांवर तासभर बोलणाऱ्या विद्वानाने 'मळी' ह्या शब्दावर दहा मिनिटे दिली, तर त्याची प्रतिष्ठा कमी होणार नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याला त्या दहा मिनिटांची गरज आहे, आणि येत्या गळीत हंगामाआधी आहे.